टिळकांच्या तोंडी

लोकमान्य टिळक १८५६ साली रत्नागिरीत जन्मले आणि १९२० साली मुंबईत वारले. पण बोलायचे काही थांबले नाहीत. दर वर्षी १ ऑगस्टला शाळाशाळांतून ते नवीन काहीतरी बोलतात. आमच्या लहानपणी शेंगा-टरफलांवर भागत असे. आता रिक्षाच्या पाठीवर, कॅलेंडराच्या पानावर आणि मोबाईलमधल्या सूर्यफुलाखाली टिळक लवकर उठण्याविषयीदेखील चार शब्द सांगतात. माणूस मोठा असला की मेल्यावरही त्याला सुटी नाही.

भाट्याला एक निवृत्त गुरुजी आहेत. खाडीवरच्या पुलाच्या अलीकडे रत्नागिरी, पलीकडे भाट्ये. त्यामुळे टिळकांचं जन्मघर सायकलच्या टप्प्यात, आणि टिळकांशी आपली थोडी भाऊबंदकीच आहे असा त्यांचा समज. त्यांना वक्तृत्वस्पर्धेला परीक्षक नेमणं म्हणजे संयोजकांच्या जिवाला घोर. पोरगं मूठ आपटून थांबलं की हे शांतपणे विचारणार, "कधी म्हणाले? कुठे? आणि लिहून कुणी घेतलंन?"

टरफलांचा निकाल त्यांनी असाच लावला. टिळकांचे वडील १८६६ साली बदली होऊन पुण्याला गेले, तेव्हा बाळ दहा वर्षांचा. "मग शेंगा रत्नागिरीच्या की पुण्याच्या? ते आधी ठरवा, उचलायचं मागाहून बघू."

'जन्मसिद्ध हक्क' मात्र इतक्या स्वस्तात सुटत नाही. परीक्षेतलं उत्तर लखनौ काँग्रेस, डिसेंबर १९१६. पण होमरूल लीग निघाली ती त्याच साली एप्रिलमध्ये, बेळगावला. मग बेळगाव आणि नगर इथे टिळकांनी स्वराज्यावर व्याख्यानं दिली, ती मराठीत. १९१७ मध्ये नाशिकलाही तोच सूर. शिवाय हे वाक्य मुळात काका बाप्टिस्टांनी जुळवून दिलं असंही सांगतात. म्हणजे चार गावं आणि दोन जनक! लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा एवढा घोळ नसतो.

यातली गंमत अशी, की बेळगाव-नगरच्या भाषणांचा पक्का पुरावा ठेवला तो भक्तांनी नव्हे, सरकारी लोकांनी. भक्त टाळ्या वाजवत होते. लघुलेखक मान खाली घालून शब्द टिपत होते. त्या टिपणांवरून सरकारनं वीस हजारांचा जातमुचलका मागितला, हायकोर्टात जिनांनी टिळकांची बाजू मांडली आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये तो हुकूम रद्द झाला. टिपणं मात्र राहिली. "उपकार माना त्यांचे," गुरुजी म्हणतात, "आपल्यातल्या कुणाला सुचलं असतं काय कागद-पेन्सिल न्यायचं?"

१९०८ वर गाडी आली की मात्र त्यांचा आवाज बदलतो. केसरीतल्या लेखांवरून राजद्रोहाचा खटला. टिळक स्वतःच उभे राहिले आणि एकवीस तास बोलले. त्यातला बराच वेळ गेला तो सरकारी भाषांतरानं मराठी शब्दांना इंग्रजीत भलताच रंग कसा चढवला आहे हे दाखवण्यात. ज्यूरीत नऊ जण, त्यांतले सात युरोपियन. निकाल सात विरुद्ध दोन. सहा वर्षं मंडाले. (मंडालेचा थिबा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेत. इंग्रजांचा हिशेब चोख.) ज्यूरीचा कौल ऐकून टिळक इंग्रजीत जे बोलले ते मुंबई हायकोर्टात संगमरवरावर कोरलेलं आहे. ज्याला शंका असेल त्यानं जाऊन वाचावं.

परवाच्या स्पर्धेत आठवीतल्या एका पोरानं टिळकांच्या नावावर एक झकास वाक्य फेकलं. गुरुजींनी आपले तीन प्रश्न विचारले. पोरगं गप्प.

"अरे, आपल्या शब्दांचा भलताच अर्थ लावला म्हणून ज्यानं एकवीस तास भांडून वर सहा वर्षं काढली, त्याच्या तोंडी तू आणखी कशाला घालतोस?"

"पण गुरुजी, वाक्य चांगलं आहे."

"मग तुझ्या नावावर म्हण की!"

पोरानं क्षणभर विचार केला. "माझ्या नावावर टाळ्या कोण वाजवील?"

गुरुजी बराच वेळ सुरूच्या बनाकडे बघत राहिले. मग त्यांनी त्याला भरघोस मार्क दिले. पोराचा दुसरा नंबर आला. पहिला टरफलांनाच गेला. बाकीचे दोन परीक्षक रत्नागिरीचे होते.