सेनेट पेज

अमेरिकी काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सेनेटमध्ये, कामकाजाच्या वेळी साहाय्य करणारा शालेय विद्यार्थी. पहिला पेज ग्रॅफ्टन हॅन्सन हा १८२९ मध्ये नेमला गेला तेव्हा अवघा नऊ वर्षांचा होता. मुलींना मात्र ही संधी १९७१ मध्येच मिळाली. आता उमेदवार अकरावीत शिकणारा आणि सोळा वा सतरा वर्षांचा असावा लागतो. अर्ज आपल्या राज्याच्या सेनेटरच्या कार्यालयाकडे करावयाचा असून गुणपत्रिका, निबंध, शिफारसपत्रे यांविषयीचे नियम व मुदती कार्यालयागणिक बदलतात; शिवाय पेज पुरस्कृत करण्याची संधी मोजक्याच सेनेटरांना मिळत असल्याने निवड केवळ गुणवत्तेवर ठरते असे म्हणता येत नाही. निवड झालेली मुले वॉशिंग्टनमधील वसतिगृहात राहतात, सत्रकाळात भल्या पहाटे शाळा करतात आणि मग गडद निळ्या सुटात सभागृहात हजर होऊन दुरुस्त्यांचे कागद पोहोचविणे, बोलायला उभ्या राहणाऱ्या सेनेटरच्या मेजावर वाचनपीठ मांडून पाण्याचा पेला ठेवणे अशी कामे करतात. कामे किरकोळ खरी, पण कायदा घडताना इतक्या जवळून पाहण्याची मुभा या वयात क्वचितच लाभते. कनिष्ठ सभागृहाने आपली पेज योजना २०११ मध्ये बंद केली.