माधव सातवळेकर : ग्रामीण जीवन रंगांतून मांडणारे चित्रकार

माधव श्रीपाद सातवळेकर (१९१५–२००६) हे विसाव्या शतकातील महत्त्वाचे मराठी चित्रकार व कलाशिक्षक होते. भारतीय ग्रामीण जीवन आणि निसर्ग हे त्यांच्या तैलचित्रांचे प्रमुख विषय. युरोपात शिकलेली आधुनिक रंगपद्धती त्यांनी आपल्याकडच्या विषयांसाठी वापरली.

औंधचे वातावरण

माधवरावांचा जन्म लाहोरचा. वडील पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर वेदांचे अभ्यासक म्हणून प्रसिद्ध असले, तरी मुळात चित्रकार होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांनी मेयो पदक मिळवले होते आणि लाहोरला त्यांचा स्टुडिओ होता. पुढे हे कुटुंब सातारा भागातील औंध संस्थानात आले.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांच्या संस्थानात आज सांगली जिल्ह्यात असलेला आटपाडीचा भागही होता. हा सारा मुलूख कमी पावसाचा, माळरानांचा. राज्य लहान आणि उत्पन्न बेताचे, तरीही राजांनी चित्रे जमवली आणि कलावंतांना आधार दिला. घरी चित्रकार वडील आणि गावात कलाप्रेमी राजा, अशा वातावरणात माधवराव वाढले.

शिक्षण

जे. जे. मध्ये शिकल्यानंतर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी फ्लॉरेन्स, लंडनचे स्लेड स्कूल आणि पॅरिस येथे शिक्षण घेतले. मुंबईतील शिक्षणाचा भर हुबेहूब चित्रणावर होता. युरोपात मात्र सेझान, गोगँ, व्हॅन गॉग यांनी तोवर रंगाला वेगळे काम दिले होते. झाड हिरवेच हवे, सावली काळीच हवी असा नियम त्यांनी मानला नाही. दृश्य पाहून मनात जे उमटले, ते सांगण्यासाठी त्यांनी रंग वापरला.

चित्रशैली

त्या काळी भारतीय चित्रकारांपुढे मोठा प्रश्न होता : पाश्चात्त्य तंत्र घेतले तर चित्र भारतीय कसे राहील? काहींनी अजिंठा व लघुचित्रांच्या परंपरेकडे पाहिले. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह गटाने आधुनिक शैली उघडपणे स्वीकारली. सातवळेकरांनी मधली वाट धरली. त्यांच्या चित्रांतील माणसे आणि निसर्ग ओळखू येतात, पण बारीकसारीक तपशील गाळलेला असतो. आकार सोपे आणि रंग ठसठशीत असतात.

अशी चित्रे पाहताना ‘हे अगदी खरे वाटते का?’ एवढेच विचारून थांबू नये. कोणता रंग आधी नजरेत भरतो, त्याच्या शेजारी कोणता ठेवला आहे आणि त्यामुळे ऊन, गारवा की गडबड जाणवते, हे पाहावे. उन्हाळ्यात करड्या माळावरून लाल लुगडे नेसलेली बाई चालत गेली, तर दुरून फक्त तो लाल रंग दिसतो. चित्रकार नेमके तेच पकडतो आणि बाकीचे सोडून देतो.

संस्था व पद

१९५४ मध्ये त्यांनी मुंबईत इंडियन आर्ट इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन केली. १९६९ ते १९७५ या काळात ते महाराष्ट्राचे कला संचालक होते. त्यामुळे राज्यातील कलाशिक्षणाशी त्यांचा थेट संबंध आला.

चित्रे कोठे पाहता येतील?

औंध (ता. खटाव, जि. सातारा) येथील श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर यांच्याबरोबर माधव सातवळेकरांचीही चित्रे आहेत. हेन्री मूर यांचे ‘माता आणि बालक’ हे शिल्पही येथे आहे. १९३८ मध्ये बाळासाहेबांनी हे संग्रहालय मुंबई-पुण्यात न उभारता यमाईच्या डोंगरावर उभारले. म्हणून देवीच्या दर्शनाला आलेल्या शेतकऱ्यालाही वाटेत ही चित्रे पाहता येतात. ज्यांचे जगणे चित्रांचा विषय झाले, त्यांनाच ती पाहायला मिळावीत, ही सोय आजही मोलाची आहे.