चहामळ्यातून पंचायतीकडे

केरळातील इडुक्की जिल्ह्यात मुन्नारचे चहामळे आहेत. इ. स. १८७७ मध्ये जॉन डॅनियल मन्रो याने पूंजारच्या संस्थानिकाकडून तेथील कण्णन देवन डोंगर पट्ट्याने घेतले. पुढे चहाची लागवड वाढली आणि तमिळ मुलखातून ‘कंगाणी’ म्हणजे मुकादमांकरवी मजुरांची कुटुंबे आणण्यात आली. पाने खुडण्याचे काम स्त्रियांकडे आले, देखरेख पुरुषांकडे राहिली. राहती खोलीदेखील नोकरीला बांधलेली. नोकरी संपली की ती सोडावी, नाही तर मुलाने वा सुनेने त्याच मळ्यात राबावे.

१९५१ च्या मळे कामगार कायद्याने निवारा, दवाखाना व पाळणाघर ही मालकाची जबाबदारी ठरविली. कामगार संघटनाही उभ्या राहिल्या. परंतु वर्गणी बायकांची आणि पुढारीपण पुरुषांचे, अशीच तेथील रीत. (आपणही फार बोलू नये. कुळागरात सुपारी वेचता वेचता बायकांची कंबर मोडली, पण गावकरीचा जोण मात्र पुरुषांच्याच नावे लागला.)

सप्टेंबर २०१५ मध्ये बोनस २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणल्याचे कळताच हजारो स्त्रिया मुन्नारच्या रस्त्यावर येऊन बसल्या. त्यांची रोजची मजुरी होती अवघी २३२ रुपये. संघटनांच्या पुढाऱ्यांना त्यांनी जवळ फिरकू दिले नाही. ‘पेंपिळै ओरुमै’, अर्थात स्त्रियांची एकजूट, हे नाव तेव्हाच रूढ झाले. नऊ दिवसांनी तडजोड झाली : ८.३३ टक्के बोनस आणि ११.६७ टक्के सानुग्रह रक्कम, म्हणजे मागितलेले २० टक्के पुरे. मजुरी मात्र मागितली ५०० रुपये आणि ठरली ३०१. शिवाय रोज खुडावयाच्या पानांचे प्रमाण २१ किलोंवरून २५ वर गेले. हा हिशेब समजावयास कारकुनी करावी लागत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात याच स्त्रिया स्थानिक निवडणुकीस उभ्या राहिल्या आणि देवीकुळम गट पंचायतीत एक व मुन्नार ग्रामपंचायतीत दोन जागा जिंकून आल्या. पुढे संघटनेत फूट पडली, हेही खरे.

खोलीचा प्रश्न तसाच राहिला. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री पेट्टीमुडी येथे दरड कोसळून अशाच चाळी वाहून गेल्या; ७० माणसे गेली. काही दिवसांनी मुख्यमंत्री तेथे आले असता एकजुटीच्या पुढारी गोमती त्यांच्या ताफ्यासमोर गेल्या. मळेकामगारांना स्वतःची जमीन व घर द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले.