वेग आवरण्याची विद्या

मोटारगाडीच्या इतिहासकारांनी इंजिनाच्या अश्वशक्तीचे पोवाडे जितक्या हौसेने रचले, तितक्या आस्थेने ती अश्वशक्ती आवरणाऱ्या ब्रेकची कैफियत कोणी दप्तरी दाखल करून घेतली नाही; आणि ज्या थोड्यांनी घेतली, त्यांचेही लक्ष ड्रम, डिस्क, तेलाचा दाब अशा यंत्ररचनेवरच खिळले. माझ्या मते हा इतिहास मूलतः यंत्राचा नसून, प्रत्यक्ष घासून झिजणाऱ्या त्या बोटभर जाडीच्या पदार्थाचा आहे.

1888 सालच्या ऑगस्टमध्ये कार्ल बेंझची पत्नी बर्था, पतीला न कळविता, दोन मुलांना बरोबर घेऊन त्याची तीनचाकी मोटार हाकीत मानहाइमहून शंभरावर किलोमीटर दूर असलेल्या फोर्झहाइमला माहेरी निघाली, तेव्हा वाटेतल्या उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजून निकामी होऊ लागले, आणि या धीट बाईने बाउश्लॉट गावच्या मोच्याकडून त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. मोटारीच्या ब्रेकचे पहिले लायनर ते हेच, असे मानण्यास हरकत नसावी. पुढे इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात, चढउतारांच्या रस्त्यांवर गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्यांना जुनी पायताणे ठोकतात हे हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने पाहिले, आणि 1897 साली कापडी पट्ट्यांना राळेचा संस्कार करून ब्रेकचे ठोकळे बनविण्याचा जो उद्योग त्याने आरंभिला, त्यातूनच फेरोडो ही मातबर कंपनी उदयास आली.

1902 हे साल या कथेत विलक्षण योगाचे म्हटले पाहिजे. फ्रान्समध्ये लुई रेनॉने ड्रम ब्रेक सिद्ध केला आणि इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट मिळविले. परंतु लँचेस्टरच्या तबकडीवर घासण्यासाठी तांब्याहून बरा पदार्थ त्याला उपलब्ध नव्हता, त्या तांब्याचा आक्रोश कान फाडी, आणि कल्पना निर्दोष असूनही पदार्थाच्या अभावी ती अर्धशतक अडगळीत पडली. दरम्यान फ्रूडच्या कारखान्याने ब्रेकसाठी अ‍ॅस्बेस्टॉस वापरात आणला. उष्णतेस न डगमगणारा हा तंतू जगभर ब्रेकमध्ये रुजला. आपल्याकडेही घाटकोपरच्या हिंदुस्थान फेरोडोच्या कारखान्यात अशी लायनरे होऊ लागली. त्या धुळीने कामगारांच्या फुप्फुसांचा घेतलेला बळी मात्र फार उशिरा हिशेबात धरला गेला. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांचे आरोग्य-दप्तर नोकरीच्या आरंभापासून किमान 40 वर्षे, अथवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांपैकी जे नंतर असेल तोवर जपण्याचा हुकूम दिला.

डिस्कचे पुनरागमन 1953 साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत झाले. तेथे जॅग्वार गाडीने डनलॉपच्या डिस्क ब्रेकांच्या बळावर बाजी मारली, आणि 1955 साली सिट्रोएन डीएसच्या पुढच्या चाकांमार्फत ते सामान्य ग्राहकापर्यंत पोचले. त्याचे कारण उष्णता. हजार किलोची गाडी ताशी 100 किलोमीटर वेगावरून थांबविताना जी उष्णता निर्माण होते, तिच्यावर लिटरभराहून अधिक पाणी उकळीला येईल. ड्रम तापला की फुगून, त्याला आतून घासणाऱ्या शूपासून दूर सरतो. उलट डिस्क तापली की जाड होऊन, तिला दोहोंकडून दाबणाऱ्या पॅडच्या अधिक निकट येते, आणि उघड्यावर असल्याने लवकर निवते. आपल्या अँबॅसडर आणि पद्मिनी चारी चाकांना ड्रम बाळगून बोरघाट उतरत. ज्या गिअरात चढायचे त्याच गिअरात उतरायचे, हा जुन्या ड्रायव्हरांचा दंडक त्या ड्रमांच्याच भीतीतून आला असावा.

आता गॅरेजमधील आजचा प्रसंग पाहू. चाक उतरवून मिस्त्री डिस्कच्या कडेवरून नख फिरवितो. न घासलेल्या काठाशी नख अडते, ती पायरी म्हणजे झिजेची नोंद. तबकडीवरच किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मूळ 22 मिलिमीटरची डिस्क 20 वर बाद ठरत असेल, तर ती लेथवर घासून पुन्हा बसविण्याची काटकसर करू नये. नव्या पॅडांच्या कडेवर बहुधा दोन इंग्रजी अक्षरे छापलेली आढळतात. पहिले मध्यम उष्णतेवरील घर्षणाचे, दुसरे तापल्यावरील घर्षणाचे, आणि एफ हे ई पेक्षा अधिक पकडीचे. शर्यतीचे पॅड तापल्याखेरीज नीट पकडत नाहीत. तेव्हा सकाळच्या पहिल्याच सिग्नलला ते धोका देणार.

दुकानदार मोठ्या कौतुकाने भोके पाडलेली डिस्क पुढे करतो, तिचीही वंशावळ तपासावी. जुन्या पॅडांतील राळ शर्यतीत तापून वायू सोडी, त्याला वाट मिळावी म्हणून ती भोके पडली. आजच्या पॅडांत तो दोष नावालाच उरला, पण भोकांच्या काठी तडे जाण्याची खोड मात्र कायम आहे. रोजच्या गाडीला कंपनीच्या मापाची साधी बिडाची डिस्क व मूळच्याच दर्जाचे पॅड, दोन्ही बाजूंस एकदम, घालावेत. आणि बसविल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून, पूर्ण न थांबता, हलके हलके दहा-वीस वेळा ब्रेक दाबून त्या दोघांची ओळख करून द्यावी, मगच घाटाची वाट धरावी.