साडेतीन शहाण्यांची मसलत

अठराव्या शतकातील मराठी मुलुखात साडेतीन शहाणे होऊन गेले, असे आपल्याकडे सांगतात. पेशव्यांचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे. नाना फडणीस मुत्सद्दी खरे, पण तलवारीचे नव्हेत, म्हणून ते अर्धे. आजच्या मुलांना चित्रपटांतले अचाट शक्तीचे नायक ठाऊक असतात. आपल्या आजोबा-पणजोबांच्या गप्पांत ती जागा या शहाण्यांची होती. असे बलवान लोक बंद दाराआड एकत्र आले की त्यांच्या हातून न्याय होतो का, हा प्रश्न आम्हाला त्यांच्याच हकिगतीतून विचारावासा वाटतो.

ही हकिगत बीड जिल्ह्याला जवळची आहे. नारायणगड म्हटले की नगद नारायण महाराजांची गादी, धाकटी पंढरी आणि आषाढीला निघणारी पालखी आठवते. त्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठी राक्षसभुवन आहे. एका गुप्त कराराचा शेवट तिथे झाला.

पानिपतानंतर पेशवाई खिळखिळी झाली होती. थोरले माधवराव वयाने लहान आणि चुलते रघुनाथराव सत्तेसाठी अधीर. १७६२ मध्ये रघुनाथरावांनी पुतण्याविरुद्ध निजाम अलीची मदत घेतली. पुढच्याच वर्षी तोच निजाम पेशव्यांवर उलटला. विठ्ठल सुंदर आणि देवाजीपंत या दोन शहाण्यांनी बेत रचला होता : जानोजी भोसल्यांनी निजामाच्या बाजूला यावे आणि साताऱ्याच्या गादीचा कारभार त्यांच्या हाती जावा. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले. पेशव्यांच्या फौजांनी निजामाच्या आणि भोसल्यांच्या मुलुखात तेच केले. बेत दिवाणखान्यात ठरला, घरे मात्र रयतेची जळाली.

मग पेशव्यांनी तितक्याच गुपचूप जानोजींना बत्तीस लाखांच्या मुलुखाचे आमिष दाखवले आणि ते निजामाला सोडून बाजूला झाले. निजाम काही फौजेसह गोदावरीपलीकडे गेला होता. नदीला पूर होता आणि विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे अडकले. १० ऑगस्ट १७६३ रोजी पेशव्यांनी त्यांना गाठले. दिवाण मारले गेले. धन्याला पैलतीरावरून काही करता आले नाही.

जानोजींना तरी काय मिळाले? १७६६ मध्ये पेशवे आणि निजाम एक झाले आणि दिलेल्या मुलुखाचा मोठा भाग त्यांनी जानोजींकडून परत काढून घेतला. ज्याने एकाला फसवले त्याच्यावर दुसऱ्याने इतबार का ठेवावा?

या लढाईला 'हिंदू विरुद्ध मुसलमान' असे लेबल लावून मोकळे होणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो, की निजामासाठी मरण पत्करणारे दिवाण कोण होते? त्याच्या बाजूने उतरलेले भोसले कोण होते? इथे धर्माचा झगडा नव्हता, वाट्याचा होता. मुसलमान वाचकानेही निजामाच्या हारीला आपली हार मानायचे कारण नाही.

उरलेल्या दीड शहाण्यांचा मामला वेगळा आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. संशय रघुनाथरावांवर होता आणि तेच गादीवर बसले. रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांना तोंडावर दोषी ठरवले आणि ते पुणे सोडून गेले. सखारामबापू, नाना, हरिपंत फडके आदींनी गुप्त मार्ग धरला. तेच बारभाईंचे कारस्थान. नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंना त्यांनी पुरंदरावर नेले. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि खुनाच्या आरोपाखालचा माणूस गादीवरून दूर राहिला. ही मसलत गुप्त होती, तरी तिला अनीतीची म्हणणे आम्हाला जड जाते.

पण काम फत्ते झाल्यावर बारभाई उठून गेले नाहीत. बाळ पेशव्याच्या नावाने कारभार चालू राहिला आणि भागीदारच एकमेकांना संशयाने पाहू लागले. रघुनाथरावांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून नानांनी सखारामबापूंना १७७९ मध्ये कैद केले. १७८१ मध्ये रायगडावर त्यांचा अंत झाला. एका शहाण्याला अर्ध्या शहाण्याने संपवले. पुढे नानांनाही दौलतराव शिंद्यांची कैद भोगावी लागली.

'मसलत' हा शब्द मराठीत अरबीतून आला. मूळ 'मस्लहत' म्हणजे हित, भले. मराठीत त्याला खलबताची, डावाची छटा आली. या शब्दाच्या प्रवासातच आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे असे वाटते. १७६३ च्या करारात हित होते ते फक्त वाटेकऱ्यांचे, म्हणून तो पहिल्याच आमिषाला फुटला. बारभाईंपाशी स्वतःपलीकडचे एक काम होते, म्हणून ते काही वर्षे टिकले. काम सरल्यावर सत्ता अमानत राहिली नाही, मालकी झाली. हिशेब मागणारे कोणी नव्हते आणि थांबायची तारीखही ठरलेली नव्हती.

बलवानांची गुप्त एकी जन्मतःच पापी असते असे आम्ही म्हणणार नाही. जुलमी सत्तेपुढे दुबळ्याला कधी कधी दार लावूनच बोलावे लागते. पण लावलेले दार उघडायचे कधी आणि कोणापुढे, हे आधी ठरले पाहिजे. बीडमधला शहिंशाह वलींचा दर्गा काय किंवा नारायणगडाची पंगत काय, तिथे कोण आले नि कोणी काय दिले हे चारचौघांत दिसते. आपल्या जमातींत, संस्थांत, पक्षांत चार वजनदार माणसे 'कौमच्या भल्यासाठी' म्हणून आत बसतात, तेव्हा बाहेर उभ्या असलेल्यांनी एक प्रश्न जरूर विचारावा : मस्लहत कोणाची?