परत आलेला समुद्रगरुड

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला 'मल' नावाचे एक बेट आहे. उन्हाळ्यात कधी तिकडे जाणे झाले, तर सकाळी धक्क्यावर जाऊन उभे राहा. दहाबारा माणसे, गळ्यात दुर्बिणी, अंगात जाड लोकरी कपडे, आणि समोर एक लहानशी यांत्रिक नाव. ही मंडळी मासे धरायला निघालेली नाहीत, की पैलतीर गाठण्याची त्यांना घाई नाही. ती निघाली आहेत एक पक्षी पाहायला. खाडीच्या मध्यावर नावाडी यंत्र मंद करतो आणि एक मासा पाण्यावर भिरकावतो. आधी जमतात ते कुरव. त्यांचा एकच कालवा चाललेला असतो. मग एकाएकी त्यांची पांगापांग होते, आणि काठच्या झाडावरून सातआठ फूट रुंद पंखांचे एक धूड पाण्याकडे झेपावते. पिवळी चोच, पिवळे पाय, पांढरी शेपटी. पाण्याला नुसता एक ओरखडा, की मासा वर!

हा पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड. थट्टेने त्याला 'कोठाराचे उडते दार' म्हणतात. तिकडच्या जुन्या गेलिक भाषेत मात्र त्याचे नाव मोठे गोड आहे. त्याचा अर्थ, ज्याच्या डोळ्यात ऊन आहे असा गरुड.

आज तिकीट काढून जो पक्षी पाहता येतो, त्याचे १९७५ साली साऱ्या ब्रिटनमध्ये एकही घरटे नव्हते. तो गेला कसा आणि आला कसा, हे मला आज तुम्हांला सांगावयाचे आहे.

माणसाचा आणि या गरुडाचा शेजार फार जुना. उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर एका शेतकऱ्याला १९५८ मध्ये पाषाणयुगातले एक थडगे सापडले. आत माणसांच्या हाडांबरोबर समुद्रगरुडांची हाडे होती. ज्या लोकांनी ती तेथे ठेवली, त्यांच्या मनात हा पक्षी कोणी परका नसावा. पण काळ पालटला. त्याच ऑर्कनीत १६२६ साली नियम झाला, की जो हा गरुड मारील त्याला गावच्या घरांनी बक्षीस द्यावे. का? तर तो कोकरे उचलतो.

खरे संकट आले ते एकोणिसाव्या शतकात. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले जमीनदार पैशाच्या मागे लागले. जुन्या कुळांना त्यांनी घरातून बाहेर काढले आणि त्या जमिनीवर मेंढ्या सोडल्या. जी रानें उरली ती शिकारीसाठी राखली. आता जेथे मेंढ्या आणि शिकारीची पाखरे हेच उत्पन्न, तेथे गरुड म्हणजे चोर! रखवालदारांच्या हाती बंदुका आल्या, मेलेल्या जनावरांत विष कालवले गेले. पक्षी जसजसे विरळ झाले, तसतशी त्यांच्या अंड्यांची किंमत वाढली, आणि अंडी जमविण्याचा छंद असलेले सभ्य गृहस्थ दोर लावून कडे उतरू लागले. शेवटचे घरटे स्काय बेटावर, १९१६ साली. शेवटचा पक्षी शेटलंड बेटांवर. ती एक मादी होती, रंगाने जवळजवळ पांढरी. जोडीदार गेल्यावर ती कित्येक वर्षे त्या कड्यांवर एकटीच राहिली. १९१८ मध्ये कोणीतरी तिलाही गोळी घातली. झाले, संपले.

कायद्याला जाग आली ती फार उशिरा. पक्षिसंरक्षणाचा कायदा १९५४ मध्ये झाला. पण ज्याचे रक्षण करावयाचे तोच शिल्लक नव्हता. मग काही जणांच्या मनात आले, आपला गेला तर शेजाऱ्याकडून आणू. १९५९ मध्ये ग्लेन एटिव्ह या दरीत तीन पक्षी सोडले. जमले नाही. १९६८ मध्ये फेअर आयल या चिमुकल्या बेटावर नॉर्वेतून आणलेली चार पिले सोडली. तीही टिकली नाहीत. त्यांतल्या एकाची गोष्ट ऐका. तिकडे फुल्मार नावाचा एक समुद्रपक्षी आहे. शत्रू जवळ आला की तो पोटातले दुर्गंधी तेल त्याच्यावर थुंकतो. त्या तेलाने या गरुडाची पिसे माखली आणि एवढा मोठा पक्षी उडेनासा झाला! पक्षी आणून सोडला की काम झाले, असे नाही, हे त्या चार पिलांनी शिकवले.

तिसरा प्रयत्न जरा धीराने झाला. जागा निवडली ती 'रम' नावाचे बेट. नावावर जाऊ नका, बेट मोठे शांत आहे! सरकारच्या निसर्गसंरक्षण खात्याच्या ताब्यातले. १९७५ मध्ये नॉर्वेच्या घरट्यांतून पिले आणावयास सुरुवात झाली. ज्या घरट्यात दोन पिले असत त्यातले एकच घ्यावयाचे, म्हणजे त्या आईबापांचा संसारही मोडू नये. गंमत अशी, की ही पिले बोडो येथून स्कॉटलंडला यावयाची ती ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांतून. रम बेटावर आल्यावर आधी काही आठवडे त्यांना वेगळे ठेवावयाचे, रोगराई नाही ना हे पाहावयाचे, आणि मग मोकळे सोडावयाचे. सोडल्यावरही काही दिवस मांस आणि मासळी ठेवत राहावयाचे, कारण शिकार शिकवायला येथे आईबाप नव्हते.

असे एक नाही, दोन नाही, अकरा उन्हाळे चालले. १९८५ पर्यंत ब्याऐंशी पक्षी सोडले. समुद्रगरुड वयात यावयालाच पाच वर्षे घेतो. तेव्हा माणसांनी नुसती वाट पाहावयाची. अखेर १९८५ मध्ये मल बेटावरच्या एका घरट्यातून एक पिलू पंख पसरून बाहेर पडले. जवळजवळ सत्तर वर्षांनी! पुढे १९९३ पासून आणखी अठ्ठावन्न आणि २००७ ते २०१२ या काळात पूर्व किनाऱ्यावर पंच्याऐंशी पक्षी आणले. आज स्कॉटलंडमध्ये दीडशेच्या वर जोड्या आहेत.

गोष्ट येथे संपती तर फार बरे झाले असते. पण तसे नाही.

मल बेटावर २००० साली लोकांना घरटे दुरून पाहता यावे म्हणून एक आडोसा उभारला. लोक आले; नावा निघाल्या, खाणावळी चालल्या. २०११ च्या एका पाहणीत असे आढळले, की या गरुडापायी मल बेटावर दरसाल पन्नास लाख पौंडांपर्यंत पैसा येतो. नावाड्याच्या घरी गरुड म्हणजे लक्ष्मी.

आता त्याच डोंगरउतारावर राहणाऱ्या मेंढपाळाचे म्हणणे ऐका. त्याला तिकडे 'क्रॉफ्टर' म्हणतात. लहानसा जमिनीचा तुकडा आणि थोड्या मेंढ्या. वसंतात मेंढ्या वितात आणि त्याच वेळी गरुडाच्या घरट्यातही भुकेली तोंडे असतात. तो म्हणतो, माझी कोकरे जातात. अभ्यासकांनी घरट्यांखालचे अवशेष तपासले. पुष्कळ कोकरे आधीच मेलेली किंवा मरणाला टेकलेली होती, पण काही धडधाकटही होती. म्हणजे मेंढपाळ अगदीच खोटे बोलत नाही. आणि जरा इतिहास आठवा. मेंढ्यांसाठी हाकलून दिलेल्या कुळांचीच ही पणतवंडे. 'तेव्हा मेंढीपुढे माणूस नको झाला, आता गरुडापुढे आम्ही?' असे त्याला वाटले, तर त्याला हसावे काय? पुढे सरकारने अशा मेंढपाळांच्या मदतीसाठी योजना काढली खरी, पण कुरबूर आजही मिटलेली नाही.

मला वाटते, या इतिहासाचा खरा धडा येथे आहे. पक्षी मारावयाला एक बंदूक पुरते. परत आणावयाला दोन देशांची माणसे, विमाने आणि अकरा उन्हाळे लागतात. आणि एवढे करूनही तो नांदावयाचा असेल, तर नावाडी आणि मेंढपाळ यांच्यात नफ्यातोट्याची वाटणी नीट व्हावी लागते. एकाच्या अंगणात मिळकत आणि दुसऱ्याच्या अंगणात घट, असा पाहुणा फार दिवस सुखाने राहत नाही.

आपल्याकडे गिधाडांचे काय झाले, तुम्ही जाणताच. गुरांच्या औषधाने ती मेली. २००६ मध्ये त्या औषधावर बंदी आली. आणि २०२४ मध्ये पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडे ताडोबा आणि पेंचच्या रानात आणावी लागली. पण आपल्या कोकणकिनाऱ्यावर याच समुद्रगरुडाचा पांढऱ्या पोटाचा भाऊबंद अजून आहे. गावालगतच्या उंच झाडावर तो काटक्यांचे भले मोठे घरटे बांधतो. त्याला कोठून आणावा लागत नाही, विमान लागत नाही. लागते ते एवढेच, की ते झाड तोडावयाला निघालेल्या हाताने एकदा वर पाहावे, आणि ते झाड राखल्याने त्याच्या मालकाचे जे नुकसान होईल, त्याची भरपाई आपण सर्वांनी मिळून करावी.