बाजाराची भाषा आणि कचेरीची भाषा

आपल्या गावाचा अभिमान कोणाला नसतो? आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूर हे माझे गाव. त्याच्याविषयी बोलू लागलो म्हणजे मी प्रथम तेथील बाजाराचेच वर्णन करतो. एका दुकानापुढे तेलुगू, दुसऱ्यापुढे उर्दू, तिसऱ्यापुढे मराठी. मध्येच बंजाऱ्यांची गोरमाटी, कोलामांची कोलामी आणि गोंडांची गोंडी कानी पडते. गोंड राजांच्या गाथा किंगरीवर गाणाऱ्या परधानांपैकी कित्येकांच्या घरी तर मराठीच बोलली जाते. एवढ्या भाषा एका ठिकाणी नांदतात, याचा मला आनंद वाटतो.

परंतु नांदणे म्हणजे समानता नव्हे. गोंड राजांचा किल्ला उटनूर येथे अद्याप पाहावयास मिळतो. ज्या गोंडांचे येथे राज्य होते, त्यांच्या वंशजांवर मात्र स्वतःच्या शेतास मुकण्याची पाळी आली. निजामी अमदानीत राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या आणि पिढ्यान् पिढ्या कसलेली शेते जंगलात गणली गेली. उरलेल्यांपैकी पुष्कळ जमीन बाहेरून आलेल्या सावकारांच्या, व्यापाऱ्यांच्या व कास्तकारांच्या हाती गेली. त्यांत मराठी बोलणारेही होते, हे आपण लपवू नये. गोंड आपले गाऱ्हाणे गोंडीत सांगे. कचेरीतील कागद उर्दूत असे. बाजारात सर्व भाषांना सारखाच मान होता. कचेरीत तो नव्हता.

१९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीम पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यानंतर निजाम सरकारने येथील असंतोषाची कारणे शोधण्याचे काम क्रिस्टॉफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे सोपविले. १९४३ साली उटनूर तालुक्यातील मारलवाई या खेड्यात गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. तेथील गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत, म्हणजे आपल्याच लिपीत, छापली गेली. त्याच दशकात हजारो आदिवासींना जमिनीचे पट्टेही मिळाले. गोंडाची भाषा कागदावर आली आणि त्याचे नावही आले.

तथापि, मिळालेली जमीन टिकविणे अवघड ठरले. आदिवासी क्षेत्रातील जमिनीच्या हस्तांतरणास आळा घालणारा १९५९ चा नियम तेलंगणात १९६३ साली लागू झाला, आणि बिगर-आदिवासींच्या नावे होणारे हस्तांतरण १९७० च्या दुरुस्तीने पूर्णपणे बंद झाले. तोवर बरीच जमीन गेली होती. २० एप्रिल १९८१ रोजी उटनूरजवळच्या इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या प्रश्नावर सभेसाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. मृतांची संख्या त्याहून कितीतरी अधिक होती, असे तेथील लोक सांगत आले.

दरवर्षी पौष अमावास्येस केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. तेथील दरबारात अधिकारी आदिवासींची गाऱ्हाणी ऐकतात. हा प्रघातही हायमेनडॉर्फ यांच्याच काळातला. इतक्या वर्षांनंतरही तेथे जमिनीची गाऱ्हाणी मांडली जातात.

पाहुण्यांना मी उटनूरचा बाजार यापुढेही कौतुकाने दाखवीन. मात्र बाजार पाहून झाल्यावर त्यांना किल्ल्याकडे नेईन, आणि तो कोणाचा होता व सभोवतालची जमीन पुढे कोणाची झाली, हेही सांगेन. गावावर प्रेम असेल, तर एवढे सांगणे आपले कर्तव्यच आहे.